टेम्पोरल: तारीख, वेळ आणि कॅलेंडरांसाठी जावास्क्रिप्टची नवी सोय

रिमाइंडर पाठवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम. वाढदिवस, वर्गणीच्या मुदती, चार देशांतल्या माणसांच्या ऑनलाइन मीटिंग, असं सगळं त्यात येतं, आणि बरेच लोक तारीख आपापल्या कॅलेंडरमधून सांगतात. वेबपानांच्या जावास्क्रिप्ट या भाषेत तारखांसाठी आधीपासून ‘डेट’ आहे; नवीन कोडमध्ये मी आता हा जुना डेट वापरतच नाही, थेट टेम्पोरल घेते. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये तारखांची आकडेमोड आहे त्यांनीही तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त त्याच्या काही खोडी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

जुना डेट १९९५ साली जावा या दुसऱ्या भाषेच्या डेटवरून उचलला. जावाने त्यातल्या बहुतेक मेथड (म्हणजे त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या आज्ञा) १९९७ मध्येच वापरू नका म्हणून सांगितलं, पण जावास्क्रिप्टमध्ये तो तसाच राहिला. महिने शून्यापासून मोजायचे. ३१ जानेवारी २०२४ घेऊन महिना फेब्रुवारी केला, की काहीही न बोलता २ मार्च हातात येतो. ‘२०२४-०५-०१’ एवढंच दिलं तर तो ती यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र धरतो, आणि न्यूयॉर्कमधल्या माणसाला स्क्रीनवर ३० एप्रिल दिसतो. वाढदिवस एक दिवस आधी दिसण्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे आहे.

टेम्पोरल आधी विचारतं, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? वाढदिवस असेल तर प्लेनडेट घ्या, त्याला घड्याळ नाही आणि टाइमझोनही नाही. प्रोग्रॅमच्या लॉगमधली, म्हणजे काय कधी घडलं याची, नोंद असेल तर इन्स्टंट, म्हणजे नेमका क्षण. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दर रविवारी सकाळी नऊला मीटिंग असेल तर झोन्डडेटटाइम, त्यात तारीख, वेळ आणि टाइमझोन तिन्ही असतात. सुरुवातीला इतके प्रकार पाहून वैताग येतो, हे खरं. पण हा फरक आधीपासून होताच, फक्त तो आपल्याला डोक्यात सांभाळावा लागायचा. शिवाय एकदा बनवलेली तारीख बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या फंक्शनने ती परस्पर पुढे ढकलली असं होत नाही.

काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे होतात, तिथे तर मी याच्या प्रेमात आहे. १० मार्च २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये रात्री दोनचे एकदम तीन वाजले, म्हणजे अडीच वाजलेच नाहीत. टेम्पोरल आपणहून साडेतीन धरतं. ‘रिजेक्ट’ सांगितलं तर एरर देतं. माणूस स्वतः वेळ भरतो अशा फॉर्मवर मी कायम ‘रिजेक्ट’ ठेवते, म्हणजे त्यालाच विचारता येतं. ९ मार्चच्या सकाळी नऊमध्ये एक दिवस मिळवला तर दुसऱ्या दिवशीचे नऊ येतात, २४ तास मिळवले तर दहा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि कोणतं हवं ते आता कोडमध्येच लिहिता येतं.

कॅलेंडरांचं काम मात्र खरं कसाला लागतं. इथे तारीख आपलं कॅलेंडर सोबत घेऊन फिरते. २१ मार्च २०२४ ला ‘इंडियन’ कॅलेंडर लावलं की १ चैत्र १९४६ मिळतो. ज्यूंच्या हिब्रू कॅलेंडरातलं वर्ष ५७८४ हे तेरा महिन्यांचं होतं. त्यात नेहमीचा अदार हा महिना सातवा आला, बारा महिन्यांच्या वर्षात तो सहावा असतो. महिन्याचा क्रमांक साठवून दरवर्षीचं रिमाइंडर लावलं तर ते चुकणारच. टेम्पोरलमध्ये प्रत्येक महिन्याला एक कोडही असतो. अदार दोन्हीकडे ‘एम०६’ आणि मध्ये येणारा जादा महिना ‘एम०५एल’. दरवर्षी येणाऱ्या दिवसासाठी कोड आणि दिवस एवढंच साठवावं. मला विचाराल तर सगळ्या टेम्पोरलमधली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. इस्लामी कॅलेंडरही एकच नाही. ‘उम्म अल-कुरा’ आणि ‘सिव्हिल’ ही त्याची दोन रूपं वेगवेगळी आहेत आणि त्यांच्यात दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा कोणतं हवं ते वापरणाऱ्यालाच विचारा.

‘इंडियन’ म्हणजे १९५७ पासूनचं राष्ट्रीय सौर कॅलेंडर, पंचांग नव्हे. तिथी आणि अधिक महिना यात मिळणार नाहीत. दिवसाची तिथी त्या ठिकाणच्या सूर्योदयावरून ठरते, त्यामुळे नुसत्या तारखेवरून ती काढता येत नाही. त्यासाठी वेगळी लायब्ररी लागते.

आता खोडी. दोन तारखा ‘पेक्षा लहान’च्या चिन्हाने तपासल्या तर एरर येतो, ‘कम्पेअर’च वापरावं लागतं. ते मला पटतं. पण एकच दिवस दोन कॅलेंडरांत असेल तर ‘कम्पेअर’ दोन्ही समान म्हणतं आणि ‘इक्वल्स’ कॅलेंडरही पाहत असल्याने नाही म्हणतं. कारण कळल्यावर पटतं, कळेपर्यंत माणूस गोंधळतो. नुसतं महिना-वर्ष स्थानिक भाषेत छापायला गेलं की कॅलेंडर जुळत नाही म्हणून एरर येतो, कारण काही न सांगता धरलेलं कॅलेंडर ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचं असतं आणि छापणारं ग्रेगोरियन मागतं. हे नवख्या माणसावर अन्याय करणारं आहे. ‘दिवस-महिना-वर्ष’ असा आपला साचा देऊन छापायची किंवा वाचायची सोयही नाही, आणि ती मला रोज हवी असते.

फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये टेम्पोरल २०२५ साली, १३९ व्या आवृत्तीत आलं. जिथे नाही तिथे पॉलिफिल, म्हणजे ती सोय भरून काढणारा वेगळा कोड, टाकून काम चालतं, पण पानाचं वजन वाढतं.

जुना प्रोजेक्ट असेल तर सगळं उकरत बसू नका. जुन्या डेटपासून इन्स्टंट बनवणारी ‘टूटेम्पोरलइन्स्टंट’ ही मेथड आहे, तिने बाहेरून आलेल्या तारखा दारातच बदलून घ्या. पुढच्या मीटिंग साठवताना स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव असं दोन्ही ठेवा. सरकारं नियम बदलतात तेव्हा यूटीसीपासूनचा नुसता फरक साठवलेला असेल, तर सगळ्या मीटिंग तासभर चुकतात.