मिलिटरी जीपचा हँडब्रेक आणि माझे सहा हजार दोनशे

जुनी मिलिटरी जीप घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मंडळींनी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे पैसे गेले ते गेले. पण त्या दिवशी आमच्या बागेत एका बाईचे पाय चिरडले असते, ते अजून मनातून जात नाही.

आमची द्राक्षबाग दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढे. दीड वर्षापूर्वी महिंद्राची सीजे-३बी घेतली, लष्करातून निघालेली. लिलावात उचललेल्या माणसाकडून माझ्याकडे आली. कागदपत्रं नीट बघून घेतली होती. इंजिन ठणठणीत, चेसिसला गंज नाही. खोट एकच, हँडब्रेक ढिला. सपाटीवर धरायचा, पण चढावर गाडी हळूहळू मागे यायची.

नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे एका गॅरेजवर नेली. मिस्तरी गाडीखाली वाकलासुद्धा नाही. हँडल दोनदा ओढून बघितला आणि म्हणाला, "दादा, मिलिटरीच्या गाडीला मिलिटरीचाच माल लागतो. बाजारातलं ब्रेकचं लायनर महिनाभर टिकायचं नाही. देवळाली कॅम्पात आपली ओळख आहे, ओरिजिनल आणून देतो." देवळालीचं नाव काढलं की नाशिकच्या माणसाचा विश्वास बसतो. तोफखान्याचं स्कूल तिथे आहे आणि आपल्या मनात लष्कराबद्दल आदर असतो. त्या आदराचाच त्याने धंदा केला. लष्कराचा निकामी माल लिलावात रीतसर विकला जातो, त्याचे कागद असतात. ओळखीवर मागच्या दाराने आलेला म्हणून कोणी माल दाखवला, तर तो खरा असला तरी घेण्यासारखा नाही, आणि बहुतेक वेळा तो खरा नसतोच.

दुसऱ्या दिवशी त्याने पाकिटं दाखवली. खाकी मेणकागद, वर काळ्या शाईत लांबलचक नंबर. मी सहज अंगठा फिरवला तर दोन आकडे पुसले जाऊन अंगठ्याला काळं लागलं. तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण द्राक्षांचा तोडा तोंडावर आला होता आणि गाडी हवी होती. "संध्याकाळी या, उघडून बसायला वेळ लागतो," म्हणाला, आणि मी गेलो निघून.

संध्याकाळी गॅरेजसमोरच्या उतारावर गाडी उभी करून दाखवली. जागची हलली नाही. वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला: लायनर सेट, ऑइल सील, केबल, मजुरी मिळून ६,२०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर पडेल" म्हणाला. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले."

आता ही जीप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा जो डबा असतो, ट्रान्सफर केस, त्याच्या मागच्या तोंडाला, जिथून मागचा शाफ्ट निघतो, तिथे एक छोटा ड्रम असतो आणि हँडल ओढला की त्यातले दोन शू, म्हणजे लायनरचा घासणारा थर लावलेल्या कमानी, शाफ्टलाच धरतात. शाफ्ट पाच-साडेपाच फेरे घेतो तेव्हा चाक एकदा फिरतं, म्हणून एवढासा ड्रमसुद्धा अख्खी गाडी धरून ठेवतो. पण त्या ड्रमच्या अगदी पाठीशी ट्रान्सफर केसचं ऑइल सील आहे. सील झिजलं की गिअर ऑइल ड्रममध्ये उतरतं, लायनर ते पितं, आणि मग केबल कितीही ताणा, तेलकट लायनरला पकड येत नाही. या जीपचा हँडब्रेक ढिला म्हटलं की आधी तेल बघायचं, केबल नंतर. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला चांगलं माहीत होतं.

सतराव्या दिवशी तोड्याच्या वेळी पोराने जीप शेडजवळच्या चढावर आणली. समोर चामर लेण्यांचा डोंगर, मागे उतार, उताराच्या टोकाला पाण्याचा हौद. त्याने हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि उतरला. पण चढ चढायला त्याने ट्रान्सफर केसचा जास्त ताकदीचा गिअर, लो, घेतला होता, तो परत नेहमीच्या हायमध्ये टाकताना ट्रान्सफरचा दांडा मधेच राहिला, न्यूट्रलला. तो दांडा न्यूट्रलला असेल तर गिअर टाकून काही उपयोग नाही, इंजिन चाकांना धरतच नाही. उरतो फक्त हँडब्रेक. पंधरा-सोळा क्रेट चढले आणि गाडी मागे सुटली. मागे आमच्याकडे दरवर्षी तोड्याला येणाऱ्या ताई क्रेट उचलून उभ्या होत्या. पलीकडच्या गड्याने त्यांचा दंड धरून ओढलं. क्रेट चाकाखाली आला, चुरडला, आणि गाडी हौदाच्या कठड्याला जाऊन टेकली. द्राक्षांचा रस मातीत पसरला होता आणि ताई त्याकडे बघत खाली बसल्या होत्या. त्यांना कितीतरी वेळ बोलता आलं नाही.

ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी चारी चाकांना दगड लावायला लावले. ते म्हणाले, "हा ब्रेक शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललंस तर ते मोकळं उलटं फिरतं आणि ब्रेक ओढलेला असून गाडी घसरते. दगडाशिवाय खाली जायचं नाही." मग शाफ्ट सोडवून ड्रम काढला.

आत काळं चिकट तेल. शू हिरव्या रंगाने चकाचक रंगवलेले. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने एक ओरखडा मारला, रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली वर्षानुवर्षांचा जुना तेलकट थर. त्या थरावरच ब्रश फिरवला होता. लायनरला पॉलिश पेपर मारून ते नव्यासारखं केलं होतं, पण रिव्हेटची डोकी लायनरच्या बरोबरीला आली होती आणि ड्रमवर घासून चमकत होती. नव्या लायनरमध्ये रिव्हेट खोल बसलेले असतात. लायनर बदललं की नाही ते ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही. सीलचं रबर कडक होऊन चिरलेलं, त्याला तर मिस्तरीने हातही लावलेला नव्हता. नवी होती फक्त केबल. ती त्याने ताणून बांधली आणि लायनर पेट्रोलने धुतलं, म्हणून त्या संध्याकाळी गाडी उतारावर उभी राहिली. पुढे जसजसं तेल उतरत गेलं तसतशी पकड गेली.

रंगवलेला शू पिशवीत घालून मी गॅरेजवर गेलो. मिस्तरी म्हणाला, "तुम्ही ब्रेक ओढून गाडी चालवली असेल." मग म्हणाला, माल देणाऱ्यानेच फसवलं. मग म्हणाला, "कागदावर माझी सही आहे का?" सही नव्हती, गॅरेजचं नाव नव्हतं, गाडीचा नंबरसुद्धा नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न बिलाचा विचारला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण माझ्या हातात त्या वहीच्या पानाशिवाय काही नाही. जीएसटी वाचवायला गेलो आणि पुरावाच घालवला.

काकांच्या देखरेखीखाली काम नव्याने केलं. सातपूरला लायनर रिव्हेट करून घेतलं, बाजारातलं साधं सील आणलं. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे योकवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर, खाच पडली होती, ती लेथवर दुरुस्त केली, नाहीतर नवं सीलही गळलं असतं. बेअरिंगमध्येही थोडा खेळ होता, मधली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, काढून तो घालवला. मग हँडल पूर्ण सोडून ड्रमच्या भोकातून शूच्या चक्र्या फिरवल्या, ड्रम न घासता मोकळा फिरेल इतपत, आणि केबल सगळ्यात शेवटी जोडली. सगळं मिळून २,३५० रुपये. मी पूर्ण वेळ शेजारी बसून होतो.

आता तीच जीप भरल्या क्रेटसकट त्याच चढावर उभी राहते. तरी आम्ही दगड लावतो. ताई यंदाही तोड्याला आल्या. क्रेट चढवतात, पण जीपच्या मागे उभ्या राहत नाहीत, बाजूने चढवतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.