आठ महिने पॉवर वीडर: काळा धूर, वाढलेलं ऑईल आणि अर्धवट उघडा चोक

मागच्या मे महिन्यात सात एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, घेतलं. राहतो नागपुरात, मानकापूरला. संत्र्याची अडीच एकर बाग कळमेश्वरच्या बाजूला. झाडं सहा बाय सहा मीटरवर आहेत, पण आता मोठी झाली. ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात, म्हणून हे यंत्र. कंपनीचं नाव देत नाही. हेच 212 सीसीचं इंजिन बाजारात अनेक नावांनी मिळतं, त्यामुळे नावापेक्षा इंजिनाबद्दल वाचलेलं बरं.

काम चांगलं करतं. संत्र्याची तंतुमुळं वरच्या थरातच असतात, म्हणून दोन-तीन इंचांच्या खाली पाती जाऊ देत नाही. तेवढ्यात गाजरगवत निघतं, हराळी मात्र पुन्हा येते. गिअरची तक्रार नाही. तासभर चालवलं की बोटं बधिर होतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

खरी डोकेदुखी जुलैच्या शेवटी सुरू झाली. पाती जमिनीत घातली की काळा धूर, रेस दिली की इंजिन घोटायचं. आधी तासाला सव्वा लिटर पेट्रोल लागायचं, ते पावणेदोनवर गेलं. प्लग काढला तर कोरडी, मखमलीसारखी काजळी. निळसर धूर असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

पहिले मिस्त्री बघायला आले आणि म्हणाले, "भाऊ, स्क्रू कसतो, होऊन जाते." कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा स्क्रू फिरवला, स्लो (रेस न देता चालणं) सुंदर झाला, धूर तसाच. कारण तो स्क्रू फक्त स्लोच्या मिश्रणाचा असतो. रेस उघडली की पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे ठरलेल्या मापाच्या बारीक भोकातून येतं, आणि मेन जेटला फिरवायला काही नसतंच. लोडवर धूर आणि इलाज स्लोच्या स्क्रूवर, हे आपल्याकडे सगळीकडे चालतं.

दुसऱ्यानं कार्बोरेटर उघडला, मेन जेटमध्ये तांब्याची तार घालून घासली आणि निदान केलं: "इथेनॉलचं पेट्रोल आहे न, म्हणून धूर मारून राहिली." हे उलटं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलं की त्याच जेटवर मिश्रण पातळ (हवा जास्त) होतं, घट्ट (पेट्रोल जास्त) नाही. साध्या पेट्रोलला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलवाल्याला त्याहून कमी. इथेनॉलचा दोष वेगळा: ते ओलावा धरतं, महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की त्रास देतं आणि रबराच्या काही भागांना फुगवतं. काळ्या धुराचं खापर त्याच्यावर नको.

उष्णतेचा थोडा हात असतो, हे मान्य. जेटचं भोक ठरलेलं, पण 45 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी विरळ. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी हेच इंजिन डिसेंबरच्या सकाळपेक्षा थोडं घट्ट मिश्रण खाणारच. पण माझा धूर जुलैत सुरू झाला, मे मध्ये नव्हता. म्हणजे कारण हवामानाच्या बाहेर होतं.

मग मीच बसलो. हवेचा फिल्टर, त्याला कार्बोरेटरशी जोडणाऱ्या वाकड्या नळीसकट (एल्बो), काढून अर्धा मिनिट चालवलं. धूर गायब! वाटलं, सापडलं. हा ऑईलबाथ फिल्टर, खालच्या वाटीत ऑईल असतं. मी ते खुणेच्या वर भरलं होतं, कारण "जास्त घातलं तर काय बिघडतं" ही घराण्याची सवय. जाळी धुतली, ऑईल खुणेपर्यंत आणलं, बसवलं. पुन्हा काळा धूर.

याच ठिकाणी मी दोन आठवडे अडकलो. उघडलं की बरं, बसवलं की आजारी. शेवटी एका संध्याकाळी फिल्टर बसलेला असतानाच बॅटरी लावून चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या झडपेची) दांडी बघितली. ती शेवटपर्यंत जातच नव्हती, बोटभर आधीच थांबायची. जूनमधल्या पहिल्या सर्व्हिसला एल्बो बसवताना पॅकिंग सरकलं असावं. पुढे दर आठवड्याला जाळी धुवायला मीच खोलत होतो, तसं ते आणखी बाहेर आलं आणि दांडी त्याला अडू लागली. म्हणजे चोकची झडप कायम तिरकी. फिल्टर काढला की पॅकिंगही निघायचं, दांडी मोकळी व्हायची आणि दोष माझ्यासमोरच अदृश्य व्हायचा. पॅकिंग नीट बसवलं, पाऊण धूर तिथंच संपला.

उरलेला पाव त्या तारेचा. जेट पितळेचा असतो, तार घातली की भोक खरवडतं. कॉटन मार्केटच्या बाजूला तसलाच जेट मिळाला, जुन्यावर कोरलेला आकडा जुळवून घेतला. सोबत नीडलचा (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचा) सेटही, दोन्ही मिळून अडीचशेच्या आत. जेटला फक्त कार्बोरेटर क्लीनर आणि हवा. तार, पिन, टाचणी कधीच नाही.

नीडल बदलायचं कारण वेगळं होतं. डिपस्टिक काढली तर इंजिनाचं ऑईल खुणेच्या वर, आणि वास पेट्रोलचा. वीडर मानकापूरहून शेतावर छोट्या टेम्पोत नेतो. एकदा पेट्रोल कॉक बंद करायला विसरलो, खड्ड्यांत फ्लोट (नीडल उघडबंद करणारा वाटीतला तरंगता भाग) नाचत राहिला, झिजलेली नीडल पेट्रोल अडवू शकली नाही आणि ते सिलेंडरमधून खाली ऑईलमध्ये उतरलं. अशा पातळ ऑईलवर चालवलं तर बेअरिंगची वाट लागते. सगळं काढून टाकलं आणि 600 मिली नवीन 10 डब्ल्यू 30 भरलं. आता कॉक बंद केल्याशिवाय टेम्पो हलत नाही. बायको विचारते, "गॅस बंद केला का" असं घरी कधी इतक्यांदा विचारलं होतं का.

आज जानेवारी. आंबिया बहारासाठी बागेला ताण दिला आहे, पाणी बंद, म्हणून यंत्रालाही सुट्टी. टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवलं. शेवटचा प्लग काढला तो फिकट तपकिरी होता, फट 0.7 मिमी, खर्च पुन्हा सव्वा लिटर. फ्लोटच्या वाटीचं पॅकिंग अजून थोडं पाझरतं, ते बागेला पाणी सोडायच्या आधी बदलायचं आहे.