मायनरचा गाळ काढायला भाड्याचा जेसीबी: काम बरं, गाळाची विल्हेवाट कच्ची

आमच्या पाणी वापर संस्थेने धानपट्ट्यातल्या मायनरसाठी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यासाठी, तासावर घेतलेली सेवा. चालकाचा हात साफ, वेळही पाळली. पण दातांची बकेट घेऊनच आले. दातांनी अस्तर उखडतं, म्हणून बिनदाताची रुंद बकेट आधीच ठरवून घ्या.

खरी गोम तळाच्या पातळीत आहे. उतार 3000 ला 1 असेल तर 30 मीटरला जेमतेम 1 सेंटीमीटर पडतो. तो नजरेने कुणालाच दिसत नाही. जास्त खोदलं की तिथे डबकं साचतं आणि शेपटाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी उशिरा पोचतं. दर 30 मीटरला लेव्हल लावून खुंटी ठोकणं चालकाचं काम नाही, ते आपलंच.

हिशेब तासावर नको, ब्रासवर (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) करा. तळ 1 मीटर, गाळ 30 सेंटीमीटर, लांबी 100 मीटर म्हणजे 30 घनमीटर, साधारण साडेदहा ब्रास.

गुण कापले ते गाळासाठी. ढीग अगदी काठावर टाकले. पहिल्याच पावसात अर्धा गाळ परत कालव्यात. काठापासून दोन मीटर तरी लांब टाकायला लावा, वाळला की उचला. बरड, मुरमाड वावराला तो सोनं आहे. पाणी धरणाऱ्या भारी काळ्या जमिनीत टाकू नका. एकरभर 5 सेंटीमीटर थराला सत्तरेक ब्रास लागतो, एवढ्याशा मायनरमधून तो निघत नाही. बेशरमाच्या (पाण्याकाठी माजणाऱ्या झुडपाच्या) काड्या मात्र वेगळ्या काढून वाळवा. तुकडा ओलाव्यात पडला की पुन्हा फुटतो, नावाला जागतो.

पाचपैकी तीन.