पुण्याला जायचं की घरी रेकॉर्डिंग बघायचं?
ब्राउझरमधल्या जड ॲप्लिकेशन्सवर पुण्यात डेव्हलपर कॉन्फरन्स असली, की नाशिकहून सिन्नर-संगमनेरमार्गे दोनशेहून जास्त किलोमीटर, मुक्काम आणि तिकीट. रेकॉर्डिंग फुकट, शिवाय मध्येच थांबवून वेबअसेंब्लीचा (ब्राउझरमध्ये जड प्रोग्रॅम वेगात चालवण्याचं तंत्र) कोड स्वतः चालवून बघता येतो. नुसतं शिकायचं असेल तर गंगापूर रोडवरचं घर बरं.

पण पाच वर्षं सांभाळायच्या प्रोजेक्टसाठी तंत्रज्ञान निवडायचं असेल, तर मी जाईन. मंचावरचा डेमो चकचकीतच असतो. स्लो नेटवर काय होतं, हे वक्ता चहाच्या रांगेत सांगतो (चहा बहुधा यथातथाच). ब्राउझरमध्ये ॲनिमेशन, व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लगइनचाही एकेकाळी असाच थाट होता; ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपला, ऑक्टोबर २०२१ मध्ये तशाच सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनचाही. ‘उद्या हे तंत्रज्ञान बंद पडलं तर यातून बाहेर कसं पडायचं?’ हे रेकॉर्डिंगला विचारता येत नाही.