लंडनचा ली व्हॅली व्हेलोड्रोम: सहा महिने, आठवड्याला दोन सत्रं

2012 च्या ऑलिम्पिकमुळे सायकल शर्यतींच्या बंदिस्त ट्रॅकची ही इमारत बाहेरून सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती खरी कळते ती आत सायकल चालवू लागल्यावर. हॉपकिन्स आर्किटेक्ट्सनी छत ट्रॅकच्या अंगाबेताचं बेतलंय: वरच्या खुर्च्यांकडे उंच, मध्ये झोळीसारखं खोल. जोडीजोडीने ताणलेल्या पोलादी केबल्सच्या जाळ्यावर ते पेललेलं आहे, त्यामुळे अधेमधे एकही खांब नाही. पोकळी कमी, म्हणून गरम करायची हवाही कमी. शर्यतीच्या वेळी ट्रॅकजवळ 28 अंशांच्या आसपास तापमान राखतात, कारण उबदार हवा विरळ असते आणि वेग वाढतो. सरावाला मात्र तासाला एक मोठी बाटली पाणी लागतंच.

6000 पैकी खालच्या साधारण 3500 खुर्च्या ट्रॅकभोवती सलग आहेत, अगदी वळणांवरसुद्धा. ब्रिटनचे ऑलिम्पिक विजेते ट्रॅक सायकलपटू क्रिस हॉय यांनी डिझाइनच्या वेळी याचाच आग्रह धरला होता. प्रेक्षकांचा आरडाओरडा 250 मीटरच्या पूर्ण फेरीत अंगावर येतो, मध्येच विरत नाही. खालच्या-वरच्या खुर्च्यांमधल्या काचेच्या पट्ट्यातून दिवसाचा उजेड येतो, तोही फार सुखाचा.

आता ट्रॅक. रॉन वेब यांचं डिझाइन, सैबेरियन पाइनच्या अरुंद पट्ट्या, साडेतीन लाखांच्या आसपास खिळे. सरळ भागात 12 अंश उतार, वळणावर 42. हा आकडा वाचून छाती दडपते, पण ताशी 50 किमीच्या सुमारास सायकल लाकडाला जवळपास काटकोनात उभी राहते आणि वळण सपाट रस्त्यासारखं वाटतं. घसरतात ते हळू जाणारे. 30 च्या खाली आलात की सगळी भिस्त टायरच्या पकडीवर.

त्यामुळे क्रम चुकवू नका. आधी ट्रॅकच्या आतल्या कडेच्या फिकट निळ्या पट्टीवर वेग धरा, मग सरळ भागात तिच्या लगतच्या काळ्या रेषेवर या. तिथून आणखी वरच्या निळ्या रेषेकडे जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. नजर पुढच्या चाकावर नको, वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर हवी. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे वळणात घाबरून पाय थांबवणं. ट्रॅकच्या सायकलला फिक्स्ड गिअर असतो, फ्रीव्हील नसतं; म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं. पाय थांबवले की पेडल उलट ढकलतं, मागचं चाक उडतं, मागच्याची पंचाईत होते. वेग कमी करायचा तर पायांवरचा जोर हळूहळू काढा, किंवा थोडं वर चढा. चढणच ब्रेकचं काम करते.

नवे टायर बसवले असतील तर आधी स्पिरिटने पुसा. साच्यातला मेणचट थर राहिला तर लाकडावर पहिल्याच वळणात चाक सुटतं. घामाचंही तेच, म्हणून सत्राच्या मध्ये टॉप ट्यूब (सायकलच्या सांगाड्याची वरची आडवी नळी) आणि टायर दोन्ही पुसायचे. उन्हाळ्यातही पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. पडल्यावर पाइनचं कुसळ कातडीत शिरतं, ते चिमट्याने तिथल्या तिथे काढावं लागतं, आणि ट्रॅकची लाकडी पट्टी जिथे उचकटली असेल ती जागा लगेच प्रशिक्षकाला दाखवावी लागते. मागून येणाऱ्याचं चाक त्याच रेषेवरून जाणार असतं.