रंग लावलेली जुनी ऐरण घेताना झालेली फसवणूक

लोहारकाम नव्याने शिकणाऱ्यांनी जुनी ऐरण विकत घेण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी मी तो सविस्तर लिहीत आहे. गेल्या हिवाळ्यात मी कर्नाटकाच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्यातील जुन्या यंत्रसामानाच्या एका विक्रेत्याकडून १८,००० रुपयांना विलायती घडणीची ऐरण घेतली. तिच्या माथ्याचा, म्हणजे ज्यावर ठोकतात त्या वरच्या सपाट भागाचा, शेपटीकडील जवळजवळ तिसरा हिस्सा आतून सुटलेला होता, तुटलेल्या कडांवर साध्या वेल्डिंगची ठिगळे होती, फटींमध्ये मोटारीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुटी) भरलेली होती आणि या सर्वांवर काळ्या रंगाचे दोन हात दिलेले होते. ज्या वजनाचे पैसे मोजले त्यापेक्षा ती ३५ किलोने हलकी निघाली, हे तर पुढे कळले.

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या गावातील वयोवृद्ध लोहारकाकांच्या भट्टीवर दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी बसून मी खुरपे, विळा आणि साधी छिन्नी घडवायला शिकलो. काकांची ऐरण म्हणजे लाकडी ओंडक्यात रोवलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा. आपल्याकडच्या बहुतेक लोहारांची ऐरण अशीच असते आणि शेतीच्या अवजारांना ती पुरते. मला मात्र कड्या, आकडे आणि वळणाच्या वस्तू करायच्या होत्या; त्यासाठी शिंग, म्हणजे पुढे निमुळते होत गेलेले टोक असलेली, आणि शेपटीकडे, म्हणजे त्याच्या विरुद्ध टोकाला, चौकोनी भोक असलेली ऐरण हवी होती. काका म्हणाले होते, "मास्तर, घाई करू नका. हंगाम सरला की मी येतो बघायला." ऊसतोडणीचे दिवस होते, कोयत्यांना धार लावून घेणाऱ्यांची त्यांच्या दारात रांग होती, आणि मला मात्र महिनाभर थांबण्याचा धीर निघाला नाही.

विक्रेत्याच्या शेडमध्ये ती ऐरण भिंतीला शेपूट टेकवून ठेवलेली होती आणि तिच्या मागच्या भागावर रिकामी पोती टाकलेली होती. त्याने छोटा हातोडा घेऊन शिंगाजवळ माथ्यावर दोन ठोके दिले. घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला आणि बराच वेळ टिकला. "ऐकला का सर आवाज? विलायती माल हाय. आता असलं पोलाद मिळत न्हाई," असे तो म्हणाला. चांगली ऐरण वाजते, एवढे मला माहीत होते, आणि तेवढ्याच अर्धवट माहितीचा त्याने उपयोग करून घेतला. मी हातोडा मागितला तेव्हा त्याने तो हसून दिला, परंतु पोती बाजूला करून शेपटीकडे ठोकून पाहावे हे मला सुचले नाही आणि त्यानेही तशी वेळ येऊ दिली नाही. दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, असे तो पुन्हापुन्हा सांगत होता.

वजनाच्या बाबतीत जी चलाखी झाली ती विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऐरणीच्या कंबरेवर १, १ आणि ७ असे तीन आकडे अंतर राखून कोरलेले होते. तो म्हणाला, "एकशेसतरा किलोची हाय ही. वापरून झिजली असंल, म्हणून मी शंभराचंच पैसे घेतो." किलोला १८० रुपये असा भाव ठरला. मला त्यात त्याचा प्रामाणिकपणाच दिसला. सतरा किलो स्वतःहून सोडणाऱ्या माणसाकडे काट्याची मागणी करणे मला अवघड वाटले. वस्तुतः जुन्या इंग्रजी ऐरणींवरील हे आकडे किलोचे नसतात आणि ते सलग वाचायचेही नसतात. शेफील्डची माऊसहोल किंवा डडलीची पीटर राइट अशा जुन्या इंग्रजी घडणीच्या ऐरणींवर पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे प्रत्येकी ११२ पौंडांचा असतो. दुसरा त्याच्या चौथ्या हिश्शांचा, म्हणजे प्रत्येकी २८ पौंडांचा असतो. आणि तिसरा उरलेल्या सुट्या पौंडांचा असतो. या हिशेबाने १-१-७ म्हणजे ११२, अधिक २८, अधिक ७, असे १४७ पौंड होतात, म्हणजे साधारण ६६.७ किलो. मधला आकडा तीनपेक्षा मोठा आणि शेवटचा सत्तावीसपेक्षा मोठा या पद्धतीत येऊच शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घरी आणल्यावर गावातील अडत दुकानाच्या काट्यावर माझी ऐरण ६५ किलो भरली. म्हणजे जे ३५ किलो लोखंड अस्तित्वातच नव्हते, त्याचे ६,३०० रुपये मी मोजले होते. कोरलेल्या वजनातून कमी झालेल्या पावणेदोन किलोंचाही अर्थ मला नंतर कळला. माथा सपाट दिसावा म्हणून तो यंत्रावर घासून काढलेला होता आणि आधीच झिजलेली पोलादी पट्टी त्यामुळे आणखी पातळ झाली होती.

तिसऱ्या दिवशी खरा प्रकार बाहेर आला. जुन्या जीपच्या पाट्याचा तुकडा तापवून मी शेपटीच्या बाजूला ठोकत होतो. शिंगाजवळ येणारा नाद तेथे येत नव्हता. ओल्या लाकडावर मारल्यासारखा बसका आवाज येत होता. थोड्या वेळाने कडेचा रंग तडकला आणि करड्या रंगाची खपली खाली पडली. ती नखाने चुरली जात होती. मी तारेचा ब्रश आणि रंग काढण्याचे द्रावण घेऊन तासाभरात संपूर्ण माथा आणि दोन्ही बाजू उघड्या केल्या. माथ्याच्या खाली, पोलादी पट्टी आणि लोखंडी धड जिथे मिळतात त्या सांध्यावर, शेपटीकडून आत जाणारी सरळ फट होती. तिच्यात पोस्टकार्डाचा कोपरा सहज शिरत होता. डाव्या कडेवर वेल्डिंगचे तीन पट्टे होते आणि त्यांच्या लगतच्या पोलादात केसासारख्या चिरा गेल्या होत्या.

या बिघाडामागचे कारण समजून घेतले तर पुढची परीक्षा का करायची हे समजते. जुन्या घडीव ऐरणीचे धड मऊ घडीव लोखंडाचे असते आणि त्याच्या डोक्यावर कठीण पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, घणांनी ठोकून जोडलेली असते. मग माथ्याला पाणी देऊन तो कठीण केला जातो. घणाचा घाव पट्टीतून धडात उतरतो आणि बऱ्याच जोराने परत येतो, म्हणून तापलेले लोखंड हातोडा आणि ऐरण या दोहोंमध्ये दबून लवकर आकार घेते. सांधा सुटला की पट्टीखाली पोकळी राहते, घाव तेथेच विरतो, हातोडा उसळत नाही आणि सगळा भार शिकणाऱ्याच्या मनगटावर येतो. असा सुटलेला सांधा पुन्हा जोडणे घरगुती भट्टीचे काम नाही. कडेवरची साधी वेल्डिंग तर दोन्हीकडून नुकसान करते. साध्या रॉडचा धातू मऊ असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात दबतो. आणि ऐरण आधी सावकाश दोनशे अंशांच्या आसपास तापवून न घेता वेल्डिंग केले असेल, तर शेजारचे पोलाद क्षणात तापते, धडाच्या थंड वस्तुमानामुळे क्षणात निवते आणि काचेसारखे ठिसूळ होते. माझ्या ऐरणीवरील चिरा त्याच होत्या.

हंगाम थोडा ओसरल्यावर लोहारकाका आले. त्यांनी मला बोल लावला नाही. खिशातून बेअरिंगची एक इंच जाडीची पोलादी गोळी काढली, माथ्यावर मोजपट्टी उभी धरायला सांगितली आणि दहा इंचांवरून गोळी सोडली. शिंगाजवळ ती सात इंचांहून वर उसळली. मध्यावर सहा-सात. शेपटीकडे तीन इंचसुद्धा नाही. आणि वेल्डिंगच्या ठिगळावर दोन, शेजारच्या बोटभर जागेत एकदम सहा. नंतर त्यांनी कानस फिरवून दाखवली. शिंगाजवळच्या माथ्यावर ती घसरत होती, ठिगळावर मात्र लगेच चावत होती. दहा मिनिटांत संपूर्ण माथ्याचा नकाशा खडूने काढून झाला. "नाद एका जागचा असतो मास्तर, गोळी सगळीकडं टाकायची," एवढेच ते म्हणाले.

या गोळीच्या परीक्षेबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ती अर्धवट केली तर चांगली ऐरणही हातची जाईल. माथ्याच्या पुढे आणि शिंगाच्या मागे एक पायरी असते. तिच्यावर पोलादी पट्टी नसते, छिन्नीने तोडण्यासाठी ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. तेथे गोळी कमी उसळणारच. चौकोनी भोकाजवळही उसळी थोडी कमी येते. त्या जागा सोडून उरलेल्या माथ्यावर दर दोन बोटांच्या अंतराने गोळी टाकावी आणि आकडे लिहून ठेवावेत. दहा इंचांवरून टाकलेली गोळी सर्वत्र सात इंच किंवा त्याहून वर येत असेल तर पोलाद चांगले आहे. सगळीकडेच तीन-चार इंच येत असेल तर ऐरण एक तर आगीत सापडून तिचे पाणी उतरलेले असते, नाहीतर ती मुळात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. एखाद्याच जागी उसळी पडत असेल तर तेथे पोकळी किंवा ठिगळ आहे. नादावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. ओतीव धडावर पोलादी माथा बसवलेल्या काही उत्तम ऐरणी जवळजवळ वाजतच नाहीत, आणि साखळीने किंवा खिळ्यांनी ओंडक्याला घट्ट बांधलेल्या कोणत्याही ऐरणीचा नाद दबतो.

बिडाच्या ऐरणीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे भागांतील फौंड्र्यांमध्ये बिडाचे उत्तम ओतकाम होते; पंपांची आणि यंत्रांची अंगे त्या धातूची असणेच योग्य असते, कारण बीड कंप शोषून घेते. ऐरणीत नेमका तोच गुण दोष ठरतो. पूर्ण बिडाची ऐरण घाव गिळते आणि तिची कड एखाद्या चुकलेल्या घावाने ढेकळासारखी तुटते. साच्याची उभी रेघ अंगावर दिसते का ते पाहावे, आणि नवी, गुळगुळीत, निळ्या किंवा हिरव्या रंगाची स्वस्त ऐरण दिसली तरी गोळी टाकल्याशिवाय घेऊ नये. काकांच्या मते माझ्यासारख्या नवख्याने उद्यमबागेतील एखाद्या मशीन शॉपमधून जाड पोलादी शाफ्टचा उरलेला तुकडा घेऊन तो ओंडक्यात उभा रोवला असता तरी दोन वर्षे निभावले असते. रुळाचा तुकडाही चालतो. मात्र लोंढा रेल्वे जंक्शनच्या बाजूला असे तुकडे कोणी सहज देऊ करत असेल तर लिलावाची पावती पाहिल्याशिवाय हात लावू नये, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मी ऐरणीची छायाचित्रे घेऊन विक्रेत्याकडे परत गेलो. प्रथम त्याने ती ऐरण आपली नाहीच असे सांगितले. मी ५,००० रुपयांच्या आगाऊ रकमेची फोनवरील नोंद दाखवली तेव्हा त्याचा सूर बदलला: "जुना माल बघूनच घेतलाय न्हवं तुम्ही?" रंग आणि लांबी कोणी लावली, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. शेवटी भंगाराच्या भावाने, किलोला ३० रुपयांनी, परत घेतो म्हणाला. म्हणजे १८,००० रुपयांच्या वस्तूचे १,९५० रुपये. मी नकार दिला. उरलेले १३,००० रुपये त्याने रोखच मागितले होते आणि मला दिलेल्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नाही, वजन नाही, फक्त "लोखंडी सामान" एवढे दोन शब्द आहेत. रोख रकमेचा आग्रह आणि मोघम चिठ्ठी या दोन गोष्टींनी मला त्याच दिवशी सावध करायला हवे होते.

सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण मीसुद्धा येथेच अडून बसलो होतो. दुकान महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात, तेव्हा तक्रारीसाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागतील, असे मला वाटत होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही त्याला तक्रार दाखल करता येते; त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील रहिवाशाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असते आणि वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे आणि जिल्हा आयोगासाठी कागद जमवत आहे. अडत दुकानदाराने काट्याची चिठ्ठी सही करून दिली, रंग काढतानाची छायाचित्रे तारखांसह आहेत आणि फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद आहे. पावतीवर "घडीव लोखंडाची ऐरण, वजन अमुक किलो, माथ्याला वेल्डिंग किंवा दुरुस्ती नाही" एवढे एक वाक्य लिहून घेतले असते तर आज माझी बाजू कितीतरी भक्कम झाली असती. ते लिहून द्यायला जो तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

ऐरण सध्या माझ्या अंगणात बाभळीच्या ओंडक्यावर आहे. शिंग आणि त्यालगतचा माथा धड आहे, तेवढ्यावरच मी काम करतो. उरलेल्या भागाभोवती पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारून त्यावर "येथे सांधा सुटला आहे" असे लिहून ठेवले आहे. माझ्याकडे शाळेतील दोन माजी विद्यार्थी शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात हातोडा दिला नाही, गोळी दिली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना ती टाकून पाहायला सांगितले.