बी-१२ जीवनसत्त्वाची साधी गोळी : एका कंडक्टरबाईचा दीड वर्षाचा अनुभव

शेवभाजीचा रस्सा जिभेला झोंबायला लागला, तिथून हे सुरू झालं. लहानपणापासून ठेचा-भाकर खाल्लेली बाई मी. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी यायचं. आरशात पाहिलं तर जीभ लालभडक, गुळगुळीत, वरचे दाणे कुणी पुसून काढल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, "तुले नजर लागनी वं माय, दुसरं काय!" आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या.

मी एसटीत कंडक्टर आहे, वय ४४, गाव अमळनेर तालुक्यातलं. माझ्या ओळखीच्या चार-पाच जणींच्या घरी आज तेच प्रोटीन पावडरचे डबे आलेले दिसतात, जे मी घेतले होते. म्हणून बी-१२ च्या कमतरतेत मी काय काय घेतलं, कशावर किती पैसे घातले आणि कशाचा खरंच उपयोग झाला, ते सगळं लिहून ठेवते.

जिभेनंतर पाय. वेचलेल्या कापसाच्या ढिगावरून चालावं तसं वाटायचं. गाडीच्या पायरीवर पाय टेकला की नाही, ते खाली बघूनच कळायचं. रात्री तळव्यांना मुंग्या. हे सगळं मी वयावर आणि उभ्या ड्युटीवर ढकललं. पण डोक्याचं कशावर ढकलणार? हिशेब ही माझी ताकद होती. चोपड्याच्या एका फेरीत एका म्हाताऱ्या बाईने पाचशेची नोट दिली. सुटे नव्हते, म्हणून तिच्या तिकिटाच्या मागे मी बाकी लिहून दिली. नंतर ते पैसे भलत्याच बाईच्या हातात ठेवले. स्टँडवर उतरताना ती तिकीट पुढे करून म्हणाली, "ताई, माझे पैसे राहिले." मी तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. तिकीट उलटं केलं तर माझंच अक्षर. पैसे खिशातून दिले, पण त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी मुलांवर खेकसायचं आणि मग न्हाणीत जाऊन रडायचं, हे रोजचं झालं. तिकिटं काढून झाली आणि सीटवर टेकले, की कारण नसताना घसा दाटून यायचा. शब्द आठवायचे नाहीत. दोन-तीन वेळा तर नेहमीच्या थांब्याचं नाव तोंडात येईना.

आता डब्यांबद्दल. ओळखीतल्या एका बाईने साखळी पद्धतीने विकणाऱ्या कंपनीची चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर दिली आणि सोबत स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या. "माळकऱ्यांना बी-१२ मिळायचं हेच एक साधन," असं तिने सांगितलं. दोन्ही मिळून ४,२०० रुपये, आणि असे चार महिने. वजन तीन किलोने वाढलं, पाय होते तसेच. पुढे डॉक्टरांनी समजावलं की स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं असतं, आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. पावडरीत बी-१२ होतं, दोन चमच्यांत एक मायक्रोग्रॅम. ज्याचं कोठार भरलेलं आहे त्याला जेवणासोबत तेवढ्याचा हातभार लागतो. माझं कोठार तळाला गेलेलं होतं. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. आपल्याकडे असे डबे अन्नपदार्थ म्हणून विकले जातात, औषध म्हणून नाही. विकणाऱ्या बाईचा यात दोष धरत नाही, तिलाही कुणी तसंच शिकवलं होतं. पण "सगळ्या रोगांवर चालतं" असं जे सांगितलं जातं ते चूक आहे, आणि माझे चार महिने त्यात गेले. मज्जातंतूंच्या दुखण्यात चार महिने म्हणजे थोडे नाहीत.

दुसरी चूक औषधाच्या दुकानात झाली. पायांना मुंग्या येतात म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने "नसांची गोळी" म्हणून एक कॅप्सूल दिली. चिठ्ठी मागितली नाही. तीन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी चालत्या गाडीत पैशांची बॅग मांडीवर घेऊन मला झोप लागली. ड्रायव्हरदादांनी हाक मारून उठवलं. त्या कॅप्सूलमध्ये बी-१२ सोबत प्रेगाबालिन होतं, ज्याने गुंगी येते. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण अशी दुकानं गावोगाव आहेत. एवढंच सांगते की गोळी हातात आली की मागची बाजू वाचायची. नुसतं मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ च, आहे, की "प्लस" करून आणखी काही जोडलंय?

शेवटी धुळ्याला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ पाहिली, डोळे मिटून उभं राहायला लावलं, मी डोलले. मग स्टीलचा दोन दातांचा एक काटा तळहातावर आपटून माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. हाडातून बारीक गुणगुण आली. तोच काटा पायाच्या अंगठ्यावर टेकवून त्यांनी विचारलं, "काय वाटतं?" मला फक्त गार लोखंड लागलं. गुणगुण नव्हतीच. उजव्या पायातही नाही, डाव्यातही नाही. इतके महिने शरीरातून काय गेलंय ते त्या घडीला कळलं आणि मी घाबरले.

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-१२ फक्त ११८. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता धरतात. हिमोग्लोबिन १०.२, आणि तांबड्या पेशी वाजवीपेक्षा मोठ्या झालेल्या. त्या मोठ्या पेशींवरून डॉक्टरांनी सांगितलं की ही नुसती लोहाची कमी नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं, पण बी-१२ वाचून मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं, म्हणून आधी तपासणी, असं ते म्हणाले.

हे झालं कशाने? मी २०१६ ला सखाराम महाराजांच्या यात्रेत माळ घातली. मटण, अंडी बंद. बी-१२ धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. मांस, मासे, अंडी आणि दुधातच असतं. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारी-उडदाचं बळ आहे, त्यात प्रोटीन आहे, लोह आहे, पण बी-१२ नाही. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही झालं नाही, सात वर्षांनी झालं. मग दूध? घरी दोन म्हशी आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, उरलेलं पोरांना, आणि माझ्या वाट्याला चहापुरतं. त्यात भर म्हणजे ड्युटीमुळे जेवणाची वेळ नाही, म्हणून मी चार वर्षं रोज सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची कॅप्सूल घेत होते, कुणाला न विचारता. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते मीच रोज दाबत होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही बी-१२ कमी होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सोबत आलेल्या माझ्या नणंदेला मुद्दाम सांगितलं.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दूध डेरीले आन् सून दवाखानाले! आजपाईन दोन पेले आदुगर काढी ठेवजो." तेव्हापासून कॅन भरायच्या आधी माझा पेला निघतो. दीड वर्षात एकदाही चुकला नाही.

आधी इंजेक्शनं झाली, दिवसाआड सात. औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. तो रंग त्यातल्या कोबाल्टमुळे. नंतर रोज एक गोळी, मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅम, मग १५०० कशाला, हे मी विचारलं. बी-१२ पोटातून आत जायला एक वेगळं वाहक लागतं, आणि ते एका वेळी एक-दोन मायक्रोग्रॅमच नेतं. बाकीच्या मोठ्या डोसातलं शेकडा एकच्या आसपास आपोआप झिरपतं. म्हणजे १५०० मधून पंधरा हाती लागतात. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

फरक असा पडला. जीभ दोन आठवड्यांत सुधारली. पायाच्या मुंग्या पहिल्या महिन्यात उलट वाढल्या, तेव्हा मी औषध सोडायला निघाले होते, पण डॉक्टरांनी धीर दिला. डोक्यावरचं मळभ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हटलं. एका संध्याकाळी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पहिल्या झटक्यात जुळलं आणि मी दोन वेळा मोजलं, कारण विश्वास बसेना. मुलगी म्हणाली, "आई, तू आज ओरडली नाहीस." महिन्याचा खर्च तीनशेच्या आत.

पण हे वाचून कुणी मनाच्या प्रत्येक दुखण्याला बी-१२ लावू नका. आमच्यातल्याच एकीची झोप गेली होती, जगणं नको वाटत होतं. तिने माझं ऐकून सहा महिने हीच गोळी खाल्ली. तिचं बी-१२ तपासलं तर पुरेसं निघालं. तिला मानसोपचाराची गरज होती, आणि माझ्या सांगण्याने तिचे सहा महिने गेले, याचं मला फार वाईट वाटतं. आता ती उपचार घेते. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

ड जीवनसत्त्वाबद्दलही थोडं. ४४ अंशांचं ऊन असलेल्या मुलखात ते कमी कसं, हा प्रश्न मलाही पडला. पण त्या उन्हात आम्ही बाया नखशिखांत स्कार्फ आणि सनकोट घालूनच फिरतो. मला आठवड्याला एक, ६०,००० युनिटची पुडी, आठ आठवडे, दुधासोबत दिली होती. गावातल्या एकाने तीच पुडी रोज खाल्ली आणि उलट्या, बद्धकोष्ठ होऊन महिन्याने दवाखान्यात गेला. हे जीवनसत्त्व बी-१२ सारखं लघवीतून निघून जात नाही, अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

जेवणात मी थोडंच बदललं. दोन पेले दूध, त्यातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळतं, दुपारच्या डब्यात दही. भाकरीवर लगेच स्टँडचा चहा बंद, तासाभराने घेते, कारण चहा लोह अडवतो. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळते. ॲसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सुटली. रेशनच्या तांदळात जे वेगळे दाणे दिसायचे आणि लोक "प्लास्टिक" म्हणून वेचून टाकायचे, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं असायचं. हे कळल्यावर सासूबाईंनी ते वेचणं सोडलं.

माळ काढलेली नाही, काढायची गरजही पडली नाही. गोळी आता आठवड्यातून तीनदा आहे. मागच्या महिन्यात धुळ्याला गेले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा काटा टेकवला. उजव्या अंगठ्यात गुणगुण आली, थांबेपर्यंत कळली. डाव्यात आली आणि लवकर विझली. तेवढी कदाचित परत येणार नाही, असं ते म्हणाले. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.